नळीतला लाल थर

फेरीवाल्याची आरोळी गल्लीच्या तोंडाशी आली की घराघरांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या बाहेर निघतात. देवळीत, पत्र्याच्या फटीत, शिलाई मशीनच्या खणात कोंबून ठेवलेली ती गुंतवळ असते. रोज फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळून बाजूला टाकायचे, तेच महिनोन्‌महिने साठलेले. फेरीवाला पिशवी हातावर तोलतो, केसांची लांबी बघतो आणि एखादी वाटी, चाळणी नाहीतर लेकरासाठी फुगा देऊन पुढे सरकतो. मराठवाड्यातल्या गावांना हा व्यवहार नवा नाही. असे गोळा झालेले केस कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी पोचतात. तिथे ते सोडवले जातात, धुतले जातात, लांबीप्रमाणे लावले जातात आणि मग टोप नि गंगावने करण्यासाठी पुढे जातात.

गुंतवळीचा आणखी एक उपयोग आहे, त्याचे मोल मात्र कुणी देत नाही. रोज करंगळीएवढी होणारी गुंतवळ अंगठ्याएवढी झाली, की सगळ्यात आधी त्या बाईच्या बोटांना कळते. वेणीचा पेड बारीक लागतो, रबर एक वेढा जास्त घेते, भांग रुंद दिसू लागतो. वजनकाटा नाही, प्रयोगशाळा नाही, तरी शरीरात काहीतरी बदलले आहे याची खबर हातात आलेली असते. प्रश्न इतकाच, की ती खबर घेऊन जायचे कुठे?

अलीकडे याचे उत्तर विचारण्याआधीच समोर येते. मोबाइलवर एकदा केसगळतीबद्दल शोधले की पुढचे आठ दिवस जाहिराती पाठ सोडत नाहीत. पीआरपी, जीएफसी, एक्सोसोम, मायक्रोनीडलिंग, लेझरची टोपी. सगळ्यांच्या कपाळावर एकच भारदस्त शब्द असतो: रीजनरेटिव्ह, म्हणजे पुनरुज्जीवन करणारे. एके काळी यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागे. आता धाराशिवहून दीड-दोन तासांवर असलेल्या सोलापूर-लातूरमध्येही हे उपचार मिळतात. लग्नाला आलेला पोरगा, बाळंतपणानंतर केस विरळ झालेली सून, चाळिशीतली शिक्षिका, सगळे त्या दिशेने बघू लागले आहेत.

या उपचारांना सरसकट भंपक म्हणणे अन्यायाचे होईल. काहींच्या मागे खरे विज्ञान आहे, काहींचा काही रुग्णांना खरोखर फायदा होतो. तक्रार आहे ती क्रमाबद्दल. डोक्याच्या कातडीत सुई टोचण्याआधी केस का गळत आहेत, हे शोधायला हवे. हा क्रम उलटला की पैसे तर जातातच, शिवाय शरीराने दिलेला आजाराचा सुगावाही हातचा जातो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात हे दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे.

केसांची चिंता म्हणजे नट्टापट्टा, असे म्हणून हा विषय झटकणाऱ्यांशी आधी बोलायला हवे. या मातीत केस कधीच नुसते केस नव्हते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहाव्यात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने चेहऱ्याइतकीच मेहनत केशरचनेवर घेतलेली दिसते. तुळजापूरला आजही लांबलांबून लोक लेकरांचे जावळ काढायला येतात. आणि केस हिरावून घेणे ही शिक्षा म्हणून किती क्रूर असू शकते, हे महाराष्ट्राने विधवांच्या केशवपनात पाहिले आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे त्यांनी ठरवले. त्यांना तो सौंदर्याचा प्रश्न वाटला नव्हता. बाईच्या प्रतिष्ठेचा वाटला होता.

म्हणून पंचविशीत माथा दिसू लागलेला मुलगा स्थळाला नकार आल्यावर गप्प बसतो, तेव्हा त्याचे दुःख खोटे नसते. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही अशी परिस्थिती असलेल्या गावांत तर डोक्यावरचे केस हा आणखी एक वजाबाकीचा आकडा होतो. हे दुःख खरे आहे, आणि खरे असल्यामुळेच त्याच्यावर बाजार उभा राहतो.

केस कसा वाढतो हे एकदा नीट समजले, की जाहिरातीतले अर्धे गूढ उरत नाही. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. डोके म्हणजे एकाच दिवशी पेरलेले आणि एकाच दिवशी काढणीला येणारे सोयाबीनचे रान नव्हे. ते मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांसारखे आहे: एक वाफा उगवतोय, एक भरात आहे, एक काढायला आलाय. दहातले आठ-नऊ केस कायम वाढीत असतात, म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळूनही डोके भरलेले दिसते.

हा हिशेब बिघडण्याची कारणे मात्र अनेक, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पुरुषांत माथा आणि कपाळाचे कोपरे उघडे पडणे हे बहुतेक वेळा आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डीएचटी हे संप्रेरक काही मुळांना हळूहळू आखडत नेते. प्रत्येक फेरीला केस आधीपेक्षा बारीक, आखूड येतो, शेवटी नुसती लव उरते. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले, की ज्यांचे वृषण लहान वयातच काढले गेले होते त्यांना असे टक्कल पडत नव्हते; पण टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागले. बायकांत हीच प्रक्रिया भांग रुंदावण्याच्या रूपाने दिसते. चाई पडते ती गोष्ट वेगळी: तिथे शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते आणि नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. बुरशीच्या संसर्गात कातडीला पापुद्रे सुटतात, केस तुटतात. काही आजारांत मुळांच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस उगवणे शक्य राहत नाही.

आणि मग येते ती सगळ्यांत जास्त फसवणारी गळती. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, जेवणच तोडून केलेले वजन कमी करणे, रक्त कमी होणे, थायरॉइडचा बिघाड, यांपैकी काहीही झाले की वाढीतले कितीतरी केस एकदम विश्रांतीत जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. दिवाळीत डेंग्यू होऊन गेला, तर गुंतवळ वाढते संक्रांतीनंतर. कोविडच्या लाटांनंतर अनेकांनी हेच अनुभवले. एवढ्या अंतरामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ घालणे अवघड होते. माणूस बोअरच्या पाण्याला दोष देतो, नव्या शाम्पूला देतो. बोअरचे जड पाणी केस राठ करते, ते तुटायला लावते हे समजण्यासारखे आहे. पण मधूनच तुटलेला केस आणि मुळासकट आलेला केस यांत फरक आहे. गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा मणी दिसला, तर तो मुळातून आलेला असतो.

कारण दूर झाले तर ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. नेमकी इथेच सगळी गल्लत होते. समजा, गळती शिगेला पोचली असताना कुणी माक्याचे तेल लावले, कुणी नवस बोलला, कुणी तीन इंजेक्शने घेतली. चार महिन्यांनी तिघांचेही केस भरून येणार. तिघेही शपथेवर सांगणार, की गुण आला. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो खरे असतील, रुग्णाचा आनंद खरा असेल, आणि तरीही उपचाराने काही केले असे त्यातून सिद्ध होणार नाही. म्हणून औषधाची परीक्षा घेताना काही जणांना नुसते खारे पाणी टोचतात आणि कुणाला काय दिले हे रुग्णालाही सांगत नाहीत. शेजारणीचा अनुभव कितीही प्रामाणिक असला, तरी तो या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

कारण शोधण्याचे महत्त्व महाराष्ट्राला बुलढाणा जिल्ह्याने शिकवले. डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. हात फिरवला की मूठभर केस हातात. अठरा गावांत मिळून अडीचशेहून अधिक माणसे, त्यात शाळकरी मुले आणि तरुण मुलीही. खारपाणपट्ट्यातली गावे, म्हणून पहिला संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. तोवर गावांच्या वाट्याला टिंगल आली, ठरत आलेली लग्ने अडली, काहींनी लाजेपोटी डोके पूर्ण भादरून घेतले.

विंचूदंशावरच्या संशोधनामुळे ख्यातनाम झालेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःहून या गावांचा अभ्यास केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला निष्कर्ष मांडला: रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण घातक होते. त्यांनी तपासलेल्या गव्हात ते किलोला १४.५२ मिलिग्रॅम निघाले. स्थानिक गव्हाच्या मानाने शेकडो पट. बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले, तर जस्त घटलेले आढळल्याचे त्यांनी सांगितले. तो गहू खाणे थांबवल्यावर काहींचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा उगवू लागल्याचेही त्यांनी नोंदवले. या निष्कर्षावर पुढे वादही झाला. पण घटकाभर अशी कल्पना करावी, की त्या गावातली एखादी मुलगी एकटीच शहरात जाऊन केसांच्या क्लिनिकमध्ये बसली असती. बरोबर अडीचशे जण नसते, बातमी नसती. तिला तपासणीआधी पॅकेज समजावले गेले असते, तर इंजेक्शने घेत असताना ताटात तोच गहू राहिला असता. बोंडगावचे नशीब इतकेच, की तिथे एकाच वेळी सगळ्यांचे केस गेले आणि म्हणून कुणीतरी ‘का?’ असे विचारले.

धाराशिवमधली गळती अशी एका रात्रीत येत नाही. ती एकेकीच्या फणीत येते, आणि म्हणूनच तिथे ‘का?’ विचारणारे कुणी नसते.

आता सुईकडे वळू. पीआरपीमध्ये रुग्णाच्याच दंडातून साधारण दहा-वीस मिलिलिटर रक्त काढतात आणि ती नळी यंत्रात गरगर फिरवतात. काही मिनिटांनी नळी बाहेर येते तेव्हा रक्ताचे थर झालेले असतात: तळाशी गडद लाल पेशी, त्यावर पांढुरका पातळ पापुद्रा, वर गवताच्या रंगाचा पिवळसर द्रव. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी या वरच्या भागात एकवटतात. त्यांच्या पोटात जखम भरायला मदत करणारी वाढद्रव्ये असतात. तो पिवळा द्रव बारीक सुईने माथ्यावर जागोजागी टोचतात. जीएफसी म्हणजे याचीच पुढची पायरी: पेशी बाजूला ठेवून त्यातली वाढद्रव्ये तेवढी घ्यायची. आखडत चाललेल्या मुळांना या द्रव्यांनी चेतना मिळेल, ही त्यामागची अपेक्षा.

अपेक्षा निराधार नाही. १९९० मध्ये केसाच्या मुळावरच्या एका फुगवट्यात मूळ पेशींचे (स्टेम सेलचे) ठिकाण सापडले. २०११ मध्ये अमेरिकी संशोधकांना असे दिसले, की टक्कल पडलेल्या माथ्यावरही या मूळ पेशी शिल्लक असतात. कमी होतात त्या त्यांच्यापासून तयार होऊन केस घडवणाऱ्या पुढच्या पिढीच्या पेशी. म्हणजे आनुवंशिक टकलात निदान काही काळ बी जमिनीत असते, उगवण अडलेली असते. पुनरुज्जीवनाची सगळी आशा याच शोधावर उभी आहे आणि ती आशा वैज्ञानिकदृष्ट्या सन्मान्य आहे.

पण आशा आणि पुरावा यांच्यात अजून अंतर आहे. २०१५ मध्ये इटलीत सुमारे वीस पुरुषांच्या डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी आणि उरलेल्या अर्ध्यात खारे पाणी टोचून पाहिले, तेव्हा पीआरपीच्या बाजूला केसांची संख्या वाढलेली दिसली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, सव्वीस बायकांवर झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत खाऱ्या पाण्यापेक्षा ठोस फरक मोजता आला नाही. त्यानंतरचे अनेक अभ्यास फायद्याच्या बाजूने झुकतात, पण बहुतेक लहान आहेत आणि प्रत्येकाची रीत निराळी. रक्त किती वेळ फिरवायचे, प्लेटलेट किती पट दाट करायच्या, किती दिवसांनी टोचायचे, यावर एकमत नाही. एकाच नावाखाली दोन क्लिनिकमध्ये दोन वेगळे द्रव मिळू शकतात. आणि फायदा झाला तरी तो टिकवण्यासाठी सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा सुई घ्यावी लागते.

तुलनेने जुनी औषधे जास्त तपासलेली आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलावर लावण्यासाठी मंजूर झाले. डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची गोळी पुरुषांसाठी १९९७ मध्ये आली. त्यांनाही मर्यादा आहेत. मिनॉक्सिडिल थांबवले की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो. फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी आणि मनाची उदासी जाणवते, आणि गरोदर बाईने ती गोळी घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्याचीच ही औषधे. पण त्यांच्याविषयी काय माहीत आहे आणि काय धोका आहे, हे छापील कागदावर तरी मिळते.

एक्सोसोमच्या बाबतीत तेही नाही. पेशी बाहेर टाकतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या म्हणजे एक्सोसोम. प्रयोगशाळेत त्यांचा अभ्यास जोरात आहे, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये इशारा दिला होता, की अशा एकाही उत्पादनाला त्यांची मान्यता नाही. नेब्रास्का राज्यात ती घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या करताना चोळणे, ओतणे, शिंपडणे, फवारणे असे शब्द वापरतो. टोचणे त्यात बसत नाही. प्रसाधन म्हणून आलेली बाटली सुईने कातडीखाली गेली, तर तो उपयोग कायद्याच्या त्या व्याख्येबाहेरचा ठरतो. मूळ पेशींचे उपचारही मोजके रक्तविकार सोडल्यास केवळ रीतसर वैद्यकीय चाचणीतच देता येतात, असे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ‘स्टेम सेल’चा फलक पाहून दार ठोठावणाऱ्याने आधी हे विचारायला हवे.

स्वतःचेच रक्त असल्याने पीआरपीत धोका नाही, असे सांगितले जाते. रक्त स्वतःचे असते. सुई आणि नळीची खात्री कोण देणार? अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये चेहऱ्यावर हाच उपचार घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला टकलावरच्या उपचारांचे शिबिर भरले. डोक्याला औषध लावून घेतलेल्या साठहून अधिक लोकांना डोळ्यांच्या त्रासाने दवाखाना गाठावा लागला. त्याच वर्षी कानपुरात केशरोपणानंतर दोन अभियंत्यांच्या मृत्यूचे प्रकरण गाजले. केशरोपण प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे, अशा सूचना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याआधी, २०२२ मध्येच काढल्या होत्या. केसांसाठी जीव जावा, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

आता पैशाचा हिशेब. पीआरपीच्या एका बैठकीला काही हजार रुपये पडतात आणि महिन्याच्या अंतराने तीन ते सहा बैठका सांगितल्या जातात. एक बैठक पाच हजारांची धरली, तर २०२५-२६ मधल्या रोहयोच्या ३१२ रुपये मजुरीने ते सोळा दिवसांचे काम झाले. चार बैठकांचे दोन महिन्यांहून जास्त. त्यात एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज धरलेला नाही. यावर एक रास्त आक्षेप येतो: पैसा ज्याचा त्याचा. लग्नात डीजेवर उधळला तर चालतो, मग केसांवर खर्च केला तर उपदेश कशाला? आक्षेपात दम आहे. प्रौढ माणसाने सगळे समजून-उमजून स्वतःच्या पैशाने उपचार घेतला, तर त्याला अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र समजून-उमजून या दोन शब्दांत निदान येते, यशाची शक्यता येते, पुन्हा पुन्हा होणारा खर्च येतो. हे न सांगता घेतलेली सही ही संमती होत नाही.

शिवाय या जिल्ह्यात निदानाचे वजन वेगळे आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे गल्लीत फेरीवाल्यासमोर गुंतवळीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका मोजल्या, तर या सरासरीने दोघींतली एक रक्त कमी असलेली निघेल. लोहाची कमतरता केसगळतीला नेमकी किती जबाबदार, यावर त्वचातज्ज्ञांत मतभेद आहेत. पण केस विरळ झालेल्या बाईचे रक्त तपासू नये, असे त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही. केसांचे कारण दुसरेच निघाले, तरी अंगातले रक्त कमी असल्याचे कळणे हा तोटा कसा होईल? धाप लागणे, पायात गोळे येणे, पुढच्या बाळंतपणातला धोका, सगळ्याची वाट तिथूनच जाते.

चांगले त्वचातज्ज्ञ हेच करतात. आधी अर्धा तास विचारपूस: गेल्या सहा महिन्यांत ताप, बाळंतपण, उपासतापास, नवे औषध? पाळीत रक्त किती जाते? मग पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढून पाहणे. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असे समजतात. भिंगातून केसांची जाडी पाहणे. शेजारचे केस एकमेकांपेक्षा फारच बारीक-जाड दिसले, तर आनुवंशिक टकलाचा संशय पक्का होतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड यांच्या चाचण्या. आनुवंशिक टक्कल ठरले तर औषध, त्याला सहा महिने ते वर्षभराचा अवधी, आणि त्यानंतर गरज वाटली तर जोडीला पीआरपी. सुईला या क्रमात जागा आहे, फक्त ती पहिली नाही.

आणि पहिली पायरी महाग नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहता येते. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अडचण वेगळीच आहे: केस गळतात एवढ्यासाठी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायला बाईला संकोच वाटतो, आणि तिने सांगितलेच तर तेल लावा, काळजी करू नका, एवढ्यावर तिची बोळवण होण्याची भीती असते. खासगी क्लिनिकमध्ये निदान तिचे म्हणणे कुणीतरी खुर्ची देऊन ऐकते. सरकारी यंत्रणेने बाजाराकडून शिकावे असे काही असेल, तर ते हे ऐकणे.

त्याला मोठी योजना लागत नाही. आशाताई घरोघर जातात, लोहाच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या कितीदा डब्यातच पडून राहतात, कारण पोट बिघडते आणि फायदा डोळ्यांना दिसत नाही. तिथेच एक प्रश्न वाढवता येईल: “ताई, गुंतवळ वाढली का हो अलीकडं?” अंगात रक्त कमी आहे का, या प्रश्नाला बहुतेक जणी नाही म्हणून मोकळ्या होतात. गुंतवळीच्या प्रश्नाला मात्र त्या देवळीतली पिशवी काढून दाखवतील.

पीआरपीची नळी यंत्रातून बाहेर येते, तेव्हा वरचा पिवळा द्रव जपून सिरिंजमध्ये भरला जातो आणि तळाचा लाल थर कचऱ्याच्या डब्यात जातो. हिमोग्लोबिन त्या लाल थरात असते. काळजीने काम करणारे डॉक्टर नळी फिरवण्याआधी त्या रक्तातले चार थेंब तपासणीला पाठवतात. परंड्याहून किंवा भूमहून पहाटेच्या एसटीने निघून, सोळा दिवसांची मजुरी पदराला बांधून आलेल्या बाईने खुर्चीत बसण्याआधी एवढे तरी विचारावे: माझ्या रक्ताचा रिपोर्ट कुठाय?